रविवारची मिसा आणि सोमवारची पाटी

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेसाठीं इतिहासपर चार शब्द लिहावे, असें आम्हांस सांगण्यांत आलें, तेव्हां प्रथम आमच्या डोळ्यांपुढें आल्या त्या इगर्जीच्या भिंती. पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, कौलें केव्हां बदललीं, कोणकोणते विगार येऊन गेले, ह्या गोष्टी महत्त्वाच्या खऱ्याच. परंतु त्या लिहिण्यास आमच्याहून योग्य हात पुष्कळ आहेत. आम्हीं येथें दुसराच इतिहास पाहण्याचें योजिलें आहे. मिसा संपली, दार उघडलें, लोक पायऱ्या उतरून आपापल्या वाडीकडे गेले, आणि सोमवारीं पहांटे डोक्यावर मासळीची पाटी किंवा खांद्यावर जाळें चढलें. तेथून पुढच्या सहा दिवसांत आमच्या वाडवडिलांचा धर्म कोठें होता? ह्या प्रश्नाचें उत्तर पॅरिशच्या नोंदवहींत सांपडत नाहीं. तेथें बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यु एवढेंच लिहितात. ह्यांच्या मधल्या जागेंत मनुष्य जगतो, तें कोणी लिहून ठेवीत नाहीं.

मालवणपासून वेंगुर्ले, शिरोडें आणि वर सावंतवाडीपर्यंत आमचे जे धर्मबंधु वसलेले आहेत, त्यांपैकीं बहुतेकांचीं मुळें तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोमंतकांत, आणि त्यांतहि विशेषेंकरून बारदेशांत आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत व त्यानंतरहि हीं कुटुंबें इकडे येत राहिलीं. येण्याचीं कारणें एक नव्हेत. करांचा बोजा होता, दुष्काळ व साथी होत्या, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या लढाया होत्या, आणि इ. स. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, गोव्यांत चाललेलें इन्क्विझिशनहि होतें. हें शेवटचें कारण लिहितांना कित्येकांची लेखणी अडखळते. आमची अडखळत नाहीं, कारण खरें लपविल्यानें ख्रिस्तसभेचा मान वाढतो असें आम्हांस वाटत नाहीं. १७३६ सालच्या फर्मानानें तर लग्नांतलीं देशी गाणीं, विडा-फुलांची देवघेव, अंगणांतील तुळस, अंगावरचें धोतर आणि चोळी ह्यांवरहि बंदी घातली होती. जणूं ओवी गाइली कीं विश्वास गळून पडतो!

आतां येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. खाडी ओलांडून हीं माणसें सावंतवाडीच्या भोसल्यांच्या मुलुखांत आलीं, तेथें त्यांनीं ख्रिस्ती राहिलेंच पाहिजे असा कोणताहि कायदा नव्हता. मिसा चुकली म्हणून दंड नव्हता, मूर्तिपूजा केली म्हणून तुरुंग नव्हता. धर्मगुरु दूर, इगर्ज दूर, पावसाळ्यांत तर वाटा बंद. ज्यांनीं केवळ भयानें क्रूस धरिला असेल, त्यांना तो सोडून देण्यास ह्याहून सोयीची जागा कोणती? तरीहि त्यांनीं तो सोडला नाहीं. आमच्या मतें आमच्या किनाऱ्यावरील श्रद्धेची पहिली साक्ष हीच; ती कोणत्याहि दगडावर कोरलेली नाहीं. वाडीच्या तोंडावर खुरीस उभा राहिला, त्यापुढें लादाईन म्हटली जाऊं लागली, आणि सांजवेळीं दिवा लागल्यावर तेर्स सांगितल्याशिवाय ताट वाढावयाचें नाहीं, हा घरचा नेम झाला. पाद्री नसला तर आजी होती. प्रार्थना पाठ करवून घेणारी, चुकल्यास कान धरणारी, उपवासाचा शुक्रवार कधीं न विसरणारी ती आजी हीच कित्येक घरांतील पहिली धर्मशिक्षिका होय.

ह्या घरगुती भक्तीला शब्द कोठून मिळाले, तें सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. इंग्लंड देशांत जन्मलेले जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, ह्याच भूमींत राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टींतल्या खेड्यांत गेला. लोकांची भाषा त्यांनीं केवळ उपदेशापुरती शिकली नाहीं. १५८३ सालीं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत इकडील भाषांचें ग्रीक व लॅटिन भाषांशीं साम्य आहे असें त्यांनीं नोंदविलें; ह्या नात्याचा शास्त्रीय अभ्यास युरोपांत त्यानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं सुरू झाला. कोंकणीचें व्याकरण त्यांनीं रचिलें, तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० त रायतूर येथें छापलें गेलें. आणि त्यांचें ख्रिस्तपुराण! १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांत तें बाहेर पडलें. दहा हजारांहून अधिक ओव्या, भाषा मराठी, लिपि मात्र रोमन. एकनाथ महाराजांना जाऊन तेव्हां जेमतेम सतरा वर्षें झालीं होतीं, आणि तुकाराम महाराज आठ वर्षांचे होते.

ग्रंथाचा आरंभ कसा झाला तें आम्हांस फार बोलकें वाटतें. नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो कीं, तुम्हीं आमचीं जुनीं पुराणें वाचावयाचीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हीं घरीं वाचावें काय? कॅटेकिझमचीं प्रश्नोत्तरें होतीं. पण प्रश्नोत्तरांनीं मनुष्याची संध्याकाळ भरत नाहीं. त्याला कथा पाहिजे, ताल पाहिजे, बायकामुलांनीं भोवतीं बसून ऐकावें असें कांहीं पाहिजे. मागणी गृहस्थाची होती, आणि ती ओळखण्याचें मोठेपण फादर स्टीफन्स यांनीं दाखविलें. १६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला. पण १६८४ त पोर्तुगीज सरकारानें देशी भाषाच मोडून काढण्याचा हुकूम सोडल्यावर छपाई थांबली ती थांबलीच. पुढची आवृत्ति निघाली १९०७ सालीं, मंगळुरांत. मधलीं अडीचशें वर्षें पुराण टिकलें तें हातानें उतरून घेणाऱ्या आणि तोंडानें म्हणणाऱ्या घरांमुळें. देवनागरींत तें १९५६ सालीं श्री. शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें मराठी वाचकांना तें आपल्या अक्षरांत पाहावयास मिळालें.

ह्या संबंधांत कानडा प्रांतांतील आमच्या बंधूंची आठवण ठेविलीच पाहिजे. तेहि मूळचे गोमंतकांतूनच दक्षिणेस गेलेले. १७८४ सालीं राखेच्या बुधवारीं टिपू सुलतानानें त्यांना पकडून श्रीरंगपट्टणास नेलें, आणि १७९९ त तो पडेपर्यंत, पंधरा वर्षें, ते बंदींत राहिले. इगर्जी पाडल्या गेल्या होत्या, धर्मगुरु हांकलले गेले होते. त्या बंदिवासांत ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनीं त्यांचा धीर राखला, अशी परंपरा मंगळूरकडे सांगतात. ज्याच्या घरीं रोज कांहीं पाठ म्हटलें जात होतें, त्याच्याजवळ संकटकाळीं कांहीं शिल्लक राहिलें.

योगायोग असा कीं, ख्रिस्तपुराणाच्या सात वर्षें आधीं, १६०९ सालीं, युरोपांत संत फ्रान्सिस द सेल्स यांचा भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. भक्ति ही मठांतल्यांचीच मिरास नव्हे. कारागिराच्या दुकानांत, शिपायाच्या छावणींत, संसारी स्त्रीच्या घरांतहि ती शोभते, पण ती ज्याच्या त्याच्या कामास साजेल अशी असावी, असें त्यांचें सांगणें. महाराष्ट्राला ही गोष्ट कानाला नवी लागूं नये. मळ्यांत काम करणारे सांवता माळी आणि चाकावर मडकीं घडविणारे गोरा कुंभार ह्यांना आमचे शेजारी त्याआधीं तीनशें वर्षें आठवीत होतेच. प्रभु येशूनें स्वतः सुताराच्या घरीं तीस वर्षें काढलीं आणि पहिले शिष्य निवडले ते जाळीं धुणारे कोळी, हें आम्ही दरवर्षीं ऐकतों. आमच्या किनाऱ्यावर तें ऐकतांना मात्र एखाद्याच्या हाताला खरोखरच मासळीचा वास येत असतो.

त्या मासळीकडेच आतां वळूं. रापण म्हणजे काय, हें मालवणच्या मुलाला सांगावें लागत नाहीं. पण मुंबईंत वाढलेलीं आमचीं नातवंडें ही पुस्तिका वाचतील, म्हणून सांगतों. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रांत अर्धें वर्तुळ घेत जाळें सोडीत जाते आणि दुसरा दोर घेऊन लांब अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसें लागतात आणि जाळें हळूहळू वाळूवर ओढून घेतात. हें एकट्याचें काम नव्हे, आणि जाळेंहि एकट्याचें नसतें. ज्यानें त्यानें आपल्या घरचे तुकडे जोडलेले असतात. म्हणून उत्पन्नाचे वाटे पडतात : होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या हाताचा वाटा. वाटेनें जाणाऱ्यानें दोराला हात लावला तर त्यालाहि कालवणापुरती मासळी द्यावयाची, ही रीत. गाबीत बांधवांची रापण आणि ख्रिस्ती बांधवांची रापण एकाच वाळूवर शेजारींशेजारीं ओढली जाते, आणि दोघांचा न्याय एकच असतो.

एवढें वाचून कोणी असें समजूं नये कीं आमचे वाडवडील देवदूत होते. रापणींतच भांडणें होत, वाट्यांतच खोट होई, आणि मिळालेला वाटा घरीं पोहोंचण्यापूर्वीं दारूच्या दुकानांत उतरे, हें ज्यांनीं पाहिलें आहे ते जिवंत आहेत. फेस्ताच्या खर्चांत मानासाठीं कर्ज काढणारे आणि त्याच कर्जापायीं पुढें मुलाची शाळा सोडविणारे आमच्यांतच निघाले. ज्याचें धर्माचरण घंटेच्या आवाजापलीकडे जात नाहीं असा मनुष्य प्रत्येक पिढींत असतो, आणि तो पुष्कळदां पुढच्या बांकावर बसलेला असतो.

नोकरीसाठीं मुंबईस गेलेल्या गोमंतकीय बांधवांनीं तेथें ‘कूड’ उभारल्या. धोबी तलावाच्या आसपास त्यांपैकीं कित्येक आहेत. एका खोलींत भिंतीशीं ट्रंका लावलेल्या, समोर गांवच्या पात्रांव संताची आल्तार, आणि रात्रीं ठरलेल्या वेळीं सर्वांनीं मिळून तेर्स. बोटीवरचा खलाशी, आचारी, बँडवाला, कोणीहि असो, त्या वेळेला खोलींत असला तर गुडघे टेकावयाचे. गांवचा नेम असा ट्रंकेबरोबर प्रवासाला निघाला.

धर्मप्रांताच्या व्यवस्थेविषयीं फार लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. हा मुलूख दीर्घकाळ गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता, पुढें पुणें धर्मप्रांतांत आला, आणि ५ जुलै २००५ रोजीं पुणें धर्मप्रांतांतून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा होऊन बिशप ऑल्विन बर्रेटो पहिले धर्माध्यक्ष झाले. त्याहून मोठा पालट आमच्या रोजच्या जीवनांत घडला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२–६५). लॅटिनच्या जागीं लोकांची भाषा आली, हें सर्वांच्या लक्षांत राहिलें. परंतु त्याच परिषदेनें आणखी एक गोष्ट सांगितली, ती तितकीशी लक्षांत राहिली नाहीं. मुखानें सांगितलेला विश्वास आणि रोजचा व्यवहार ह्यांची फारकत ही आपल्या काळांतील गंभीर चुकांपैकीं एक होय, असें १९६५ सालच्या तिच्या लेखांत म्हटलें आहे. आणि पावित्र्याचें बोलावणें सर्वांनाच आहे, केवळ झगा घालणाऱ्यांना नाहीं, असें त्याच्या आदल्या वर्षीं.

ती चूक आमच्या किनाऱ्यावर कशी दिसते? यांत्रिक बोटी आल्या तशी रापणीची मासळी आटूं लागली. १९८१ त राज्य सरकारानें सागरी मासेमारीचा कायदा केला, २०१६ च्या फेब्रुवारींत पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. तरी रात्रीच्या अंधारांत किनाऱ्याजवळ घुसून जाळें मारणारे थांबले असें नाहीं. मोठ्या बोटीचा मालक आणि रिकाम्या रापणीचा कोळी हे दोघेहि एकाच मिसेला, एकाच प्रसादापुढें गुडघे टेकीत असतील, तर त्यांच्यांतला हिशेब कोणाचा, हा प्रश्न कायद्याचा जितका आहे तितकाच आल्तारीचाहि आहे. नैवेद्य आल्तारीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करण्यास प्रभूनें सांगितलें आहे, आणि जक्कय तर लुबाडलेलें चौपट परत द्यावयास निघाला होता.

ज्युबिली हा शब्दहि मुळांत ह्याच हिशेबाचा आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें. त्या वर्षीं गेलेली जमीन मूळ घरास परत करावयाची, बांधलेला दास मोकळा करावयाचा. मंडप, बँड आणि भोजन हीं मागाहून आलीं.

ह्यावरून आमच्या घरची एक गोष्ट आठवते. आमचे वडील रापणींत वांटणी करीत. एका वर्षीं बांगडा मनस्वी लागला. रापणींतला एक गडी त्या पावसाळ्यांत वारला होता; त्याच्या हाताचा वाटा बंद झाला, पण त्याचें जाळें रापणींतच होतें आणि जाळ्याचा वाटा त्याच्या विधवेचा होता. घाईगर्दींत वडिलांनीं तो बाजूला काढला नाहीं. पुढच्या खेपेस देऊं म्हणाले. पुढच्या खेपेसहि राहिला. तिसऱ्या खेपेस मात्र तो विसरला गेला नव्हता, हें वडिलांनीं स्वतःच पुढें घरांत बोलून दाखविलें. ती बाई मागावयास आली नाहीं. लेंतांत वडील कुंपासारास गेले. पाद्रीबाबांनीं जपाचा दंड फारसा दिला नाहीं. इतकेंच विचारलें कीं, तिच्या घरीं तें केव्हां पोहोंचेल?

त्या रात्रीं वडिलांनीं तिन्ही खेपांचा हिशेब मांडला. ज्या दिवशीं मासळी विकली त्या दिवसाच्या भावानें, उतरलेल्या भावानें नव्हे. कंदील घेऊन निघाले, आणि आम्हांस बरोबर घेतलें. दारांत उभें राहून एवढेंच म्हणाले, “वयनी, आमचा चुकला. ह्यो तुझो वाटो.” तिनें पैसे मोजले, पदराला बांधले. “बरा केलात, भावजी,” ती म्हणाली, “आता च्या घेवन जावा.” वडील मान खालीं घालून ओट्यावर बसले. त्या घरांत साखर नव्हती. चहा गुळाचा होता.