फ्रेंच ओपनमध्ये बॉल आत की बाहेर हे अजूनही माणूस का ठरवतो?

एप्रिल २०२५. माद्रिदची क्ले कोर्टवरची टेनिस स्पर्धा. समोरच्याचा बॉल बाहेर पडला असं अलेक्झांडर झ्वेरेव्हला वाटलं, पण यंत्राने तो आत दिला. मग त्याने आपण सगळेच करतो तेच केलं: मोबाईल काढला आणि मातीवरच्या खुणेचा फोटो घेतला. पंचांनी त्याला ताकीद दिली आणि निकाल यंत्राचाच राहिला.

महिनाभराने पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन सुरू झाली. तिथे मात्र खुर्चीवरचे पंच खाली उतरून तीच मातीतली खूण बघून निकाल देत होते. खेळ एक, माती एक, मग पद्धती दोन कशा? त्यासाठी आधी ही माती समजून घेऊ.

स्पर्धा थोडक्यात

फ्रेंच ओपनचं मूळ १८९१ सालचं. १९२५ पासून परदेशी खेळाडूंना प्रवेश मिळाला आणि १९२८ पासून स्पर्धा रोलाँ गारोस स्टेडियमवर आली. रोलाँ गारोस हा टेनिसपटू नव्हता, तो वैमानिक होता. चार ग्रँड स्लॅमपैकी क्ले कोर्टवरची ही एकमेव स्पर्धा. राफेल नदालने ती १४ वेळा जिंकली. भारतीयाने मिळवलेलं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपदही इथलंच: १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीसोबत मिश्र दुहेरी जिंकली. २०१२ मध्ये त्याने हेच विजेतेपद मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झासोबत पुन्हा मिळवलं.

ही 'माती' म्हणजे खरं तर वीट

टीव्हीवर दिसणारा लाल रंग शेतातल्या मातीचा नाही. तो भाजलेल्या विटेचा बारीक चुरा आहे, आणि त्याचा थर फक्त १ ते २ मिलिमीटर! त्याखाली चुनखडीचा चुरा, त्याखाली जळालेल्या दगडी कोळशाचे खडे, मग खडी आणि सगळ्यात खाली मोठे दगड. मी मूळचा सिरसाळ्याचा. शेजारच्या परळीत औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे कोळशाची राख आम्हाला नवी नाही. पण जळक्या कोळशावर टेनिस खेळतात हे वाचून मीही चकित झालो होतो.

या चुऱ्यामुळे दोन गोष्टी होतात. घर्षण वाढून बॉलचा वेग कमी होतो आणि तो उंच उसळतो. शिवाय टप्पा पडतो तिथे खूण उमटते.

यंत्र कसं बघतं?

हॉक-आय ही यंत्रणा २००१ मध्ये आधी क्रिकेटच्या प्रक्षेपणात आली. टेनिसमध्ये कोर्टाभोवती दहा-बारा वेगवान कॅमेरे लावतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्रात सॉफ्टवेअर बॉल शोधतं, सगळ्यांच्या दिशा जुळवून त्याची जागा तीन मितींत काढतं आणि त्यावरून टप्पा कुठे पडला हे मोजतं. चूक होते ती काही मिलिमीटरची.

एक कॅमेरा का पुरत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कॉलेजात असताना गावाकडच्या कबड्डीच्या एका सामन्यात एका पोराच्या पायावरून वाद झाला. मी बाजूला उभा राहून शूटिंग करत होतो. व्हिडिओत पाय रेषेबाहेर दिसत होता. सगळे माझ्या मोबाईलवर वाकले आणि पोरगा बाद ठरला. तो शेवटपर्यंत सांगत होता, "दादा, पाय हवेत होता, मातीत बघा." कुणी बघितलं नाही, मीपण नाही. सामना संपल्यावर गेलो, तर पायाचा ठसा रेषेच्या आत होता आणि बाहेरची माती साफ होती. तिरक्या कोनातून हवेतला पाय जमिनीवर टेकल्यासारखा दिसतो. एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही.

दुसरी अडचण फ्रेमची. १५० किमी वेगाचा बॉल सेकंदाला साधारण ४२ मीटर जातो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये तो जवळपास १.४ मीटर पुढे गेलेला असतो. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्येही हे अंतर सुमारे १७ सेंटिमीटर राहतं. बॉल जमिनीला टेकतो तो काही मिलिसेकंदच, त्यामुळे तो क्षण तुमच्या व्हिडिओत नसण्याचीच शक्यता जास्त.

मग मातीची खूण खरी?

नेहमीच नाही. बॉल टेकताना दबतो आणि घसरतो, त्यामुळे खूण लांबट होते. चुरा कुठे जाड, कुठे पातळ असला की खुणेचा आकार बदलतो. शेजारचीच जुनी खूण चुकून बघितली जाऊ शकते. म्हणून नियमही कडक आहेत: खेळाडूने खूण पुसली तर तो हरकत गमावतो, आणि जाळीपलीकडे जाऊन खूण बघता येत नाही.

यंत्रही चुकतं. २०२५ मध्ये विम्बल्डनने रेषापंच हटवले आणि त्याच वर्षी सेंटर कोर्टवर एका सामन्यात यंत्रणा काही वेळ चुकून बंद राहिली. ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन तर २०२१ पासून पूर्ण यंत्रावर आहेत. पुरुषांच्या एटीपी टूरवर २०२५ पासून क्ले कोर्टवरही यंत्रच निकाल देतं. फ्रेंच ओपनने मात्र २०२५ मध्येही रेषापंच ठेवले.

माझं मत

मिलिमीटरच्या हिशोबात मला यंत्र जास्त पटतं, कारण ते दोन्ही खेळाडूंना एकाच मापाने मोजतं. पण यंत्र आणि माणूस यांत फ्रेंच ओपन एक गोष्ट जपते: ज्याच्या विरोधात निकाल जातो, त्याला पुरावा डोळ्यांनी बघता येतो.

त्यामुळे गल्लीतल्या मॅचमध्ये मोबाईलवर निकाल द्यायचा असेल, तर फोन रेषेच्या अगदी सरळ रेषेत, जमिनीलगत ठेवा. स्लो मोशन लावा. जमलं तर दुसऱ्या कोनातून आणखी एक फोन लावा. आणि समोरचा "मातीत बघा" म्हणत असेल, तर आधी मातीत बघा.