विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती

त्रासदायक भावना निरोगी रीतीने हाताळण्यास शिकवणारी मानसोपचारपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तिचा प्रसार केला. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने ती सर्वसामान्यांपर्यंत नेली.

भावना घटनेतून थेट उद्भवत नाही. घटनेकडे पाहण्याच्या दृष्टिकोनातून ती आकार घेते, हे या पद्धतीचे मूळ सूत्र. बदलापूरहून मुंबईला निघालेल्या नोकरदाराची लोकल चुकते. ‘असे घडताच कामा नये’ या हट्टातून संताप उसळतो आणि दिवसभर घरीदारी निघत राहतो. ‘गाडी मिळायला हवी होती, उशीर गैरसोयीचा असला तरी सोसण्याजोगा आहे’ असा विचार केल्यास नाराजी उरते, पण पुढचे पाऊल सुचते. म्हणून येथे भावना दडपायची नसते. तिच्यामागच्या हट्टाची उलटतपासणी करायची असते. संतापाची जागा नाराजीने, चिंतेची जागा रास्त काळजीने आणि खिन्नतेची जागा दुःखाने घ्यावी, हे उद्दिष्ट.

त्रास टिकून राहिल्यास किंवा जीव नकोसा वाटल्यास तज्ज्ञांची मदत तातडीने घ्यावी. त्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून उपलब्ध आहे.