स्टेअरिंगच्या दिव्याचं कुळ

मीटरमध्ये छोट्या स्टेअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह असा पिवळा किंवा लाल दिवा लागला, की जाणता मेकॅनिक आधी बॉनेट उघडून बॅटरीकडे वळतो. गिऱ्हाईक चक्रावतं. तक्रार स्टेअरिंगची, आणि हा टर्मिनल कसले घासतोय! पण त्याचं बरोबर असतं. का, ते कळायला या दिव्याचं घराणं पाहावं लागतं, आणि ते सुरू होतं समुद्रावर.

इंजिनिअर ब्रुनेलचं ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज 692 फूट लांब होतं. एवढ्या धुडाचं सुकाणू माणसाच्या बळावर वळवणं अवघडच. 1860च्या दशकात जॉन मॅकफार्लेन ग्रे या इंजिनिअरनं त्यासाठी वाफेचं यंत्र बसवलं. ताकदीला वाफ कमी नव्हतीच. तिला थांबवायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. ग्रेच्या यंत्रात चाक फिरवलं की झडप उघडे, आणि सुकाणू हवं तितकं वळलं की त्याच्याच हालचालीनं ती मिटे. म्हणजे यंत्र माणसाच्या हाताला विचारून काम करी.

मोटारीत ही युक्ती उतरवली फ्रान्सिस डेव्हिसनं. पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकन कंपनीच्या ट्रक विभागात तो इंजिनिअर होता, त्यामुळे जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे खांदे कसे भरून येतात हे त्यानं पाहिलेलं. नोकरी सोडून त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थममध्ये स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हाच्या हायड्रॉलिक यंत्रांत तेल कायम दाबाखाली कोंडलेलं असे, आणि कोंडलेलं तेल कुठून तरी गळणारच. डेव्हिसनं उलटा विचार केला. झडप उघडीच ठेवायची, तेल नुसतं फिरत राहू द्यायचं. चाक फिरवलं तरच वाट अरुंद होऊन दाब तयार व्हावा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना हीच.

1926 मध्ये अशी गाडी त्यानं डेट्रॉइटला नेऊन दाखवली. जनरल मोटर्सनं करार केला, पण पुढे मंदी आली आणि 1934 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून कंपनीनं अंग काढून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या जड गाड्यांना ही सोय मिळाली. सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला ती आली 1951 मध्ये, क्रायस्लर इंपीरियलमध्ये ‘हायड्रागाइड’ या नावानं. तोवर डेव्हिसच्या सुरुवातीच्या पेटंटांची मुदत संपली होती! आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी मनगटाच्या जोरावरच वळत होत्या.

तेलाच्या स्टेअरिंगला सहसा दिव्याची गरज पडली नाही. ते स्वतःच बोंब मारायचं. तेल कमी झालं की पंप कण्हायचा, बेल्ट सैल असला की फुल कट मारताना किंचाळायचा, सील गेलं की पार्किंगच्या फरशीवर लालसर डाग. मेकॅनिकला कान आणि डोळे पुरत.

पण पंप इंजिनाच्या बेल्टवर चाले, हायवेवर गाडी नाकासमोर जात असली तरीही. चिमुकल्या इंजिनाला हा जाच नको होता. म्हणून 1988 मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत स्टेअरिंगच्या दांड्यावर विजेची मोटर आली. चाक फिरवलं की दांड्यातली बारीक सळई किंचित पिळते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि कॉम्प्युटर तेवढाच करंट मोटरला सोडतो. ग्रेची झडप गेली, पण हाताला विचारणं राहिलं.

ही मोटर मुकी. बिघडली तरी ना कण्हणं, ना डाग. तिची तक्रार कॉम्प्युटरलाच कळते, आणि ती आपल्यापर्यंत पोचवायला दिवा लागतो. शिवाय ती खादाड आहे: उभ्या गाडीची चाकं वळवताना पन्नास-साठ अँपिअर सहज ओढते. बॅटरी थकलेली असली किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असली की व्होल्टेज कोसळतं, कॉम्प्युटर मदत बंद करतो आणि दिवा लावतो. म्हणून आधी टर्मिनल. मग मल्टिमीटर: इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना चौदाच्या आसपास. नंतर स्टेअरिंगचा जाडजूड फ्यूज, अर्थिंगची वायर, पाणी शिरलेले कपलर. अरुंद पार्किंगमध्ये पुन्हा पुन्हा फुल कट मारला तर मोटर तापूनही हात आखडता घेते; थंड झाली की पूर्ववत होते.

एवढ्यानं भागलं नाही तर कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. इथे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवाले फसतात. 1996 पासून अमेरिकेत सक्तीची झालेली ही कोड-तपासणी धुराच्या कायद्यांतून आली, त्यामुळे असली यंत्रं बहुधा इंजिनाचे ‘पी’ कोड तेवढे वाचतात. स्टेअरिंगचे कोड ‘सी’ गटात. ‘नो फॉल्ट’ दिसतं आणि दिवा तसाच! बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं तर त्याहून वाईट: काही गाड्यांत कोडही पुसला जातो आणि स्टेअरिंग सेन्सरला मध्य पुन्हा शिकवत बसावं लागतं.

दिवा लागला तरी आजच्या बहुतेक गाड्या वळतात, फक्त जड होतात, कारण दांडा अजून चाकांपर्यंत जातो. 2013च्या इन्फिनिटी क्यू50मध्ये वळवण्याचं काम तारांवर गेलं, पण अडचणीसाठी क्लच ठेवून दांडा शाबूत राखला होता. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तो दांडाही नाही, त्यामुळे तिथे पुढची चाकं वळवायला एकाऐवजी दोन मोटरी आहेत.