पदकाचा हिशेब कोण ठेवतो? संग्रहालये, वर्गणी आणि सार्वजनिक न्यासांचा इतिहास

१/ जळगाव-धुळ्याकडील एखाद्या जुन्या तालमीची कल्पना करा. भिंतीवर गदा, कपाटात ढाली आणि चषक, वर दंगलींची पिवळी पडलेली छायाचित्रे. उद्या याचे क्रीडा-संग्रहालय करायचे ठरले, वर्गणी जमली आणि न्यास नोंदला गेला, तर त्या पैशाचा व त्या गदेचा हिशेब कोणाकडे मागायचा? या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ पुण्यातून करू. पर्वती देवस्थानचा कारभार पंचांकडे होता आणि त्याविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. पंचांना जाब विचारायचा, तर विचारणारा कोणाच्या वतीने बोलतो हे आधी ठरायला हवे होते. या खटपटीतूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, हे तिचे प्रवर्तक.

३/ सभेचा एक नियम विलक्षण होता. सभासद होण्यासाठी किमान पन्नास व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पुढे जिने दुष्काळाचे आणि शेतसाऱ्याचे प्रश्न सरकारपुढे मांडले, त्या संस्थेचे मूळ एका देवस्थानाच्या जमाखर्चात होते, हे सहसा सांगितले जात नाही.

४/ त्या काळी कायदा काय म्हणत होता? १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाने ग्रंथालये, शिक्षणसंस्था, वस्तुसंग्रहालये यांना कायदेशीर रूप दिले. मात्र त्यातील वार्षिक बंधन मुख्यतः कार्यकारी मंडळाची यादी दाखल करण्याचे होते. संस्था कोण चालवते हे सरकारदरबारी कळे. पैसा कसा चालतो हे कळत नसे.

५/ संशय आला तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९२ अन्वये, हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती अ‍ॅडव्होकेट जनरलच्या संमतीने दावा लावून न्यासाचा हिशेब मागू शकत. सामान्य वर्गणीदाराला हा मार्ग किती झेपत असेल, याची कल्पना करता येते.

६/ आता खान्देशात येऊ. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. आजचे जळगाव आणि धुळे हे त्यांचे वारस. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळ्यात निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांच्या कागदपत्रांना घर मिळाले.

७/ धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांच्या उद्योगातून समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा संग्रह समर्थ वाग्देवता मंदिरात उभा राहिला. जळगावात २५ मार्च २०१२ रोजी ‘गांधीतीर्थ’ खुले झाले. काळ निराळे, विषय निराळे. पण लोकांचा ठेवा सरकारी खात्याने नव्हे, तर समाजातील संस्थेने सांभाळावा ही रीत या भूमीत जुनी आहे. क्रीडा-संग्रहालय झाले तर याच वाटेने होईल.

८/ मोठा बदल घडला तो मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मुळे. (आजचे नाव ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम’.) धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण झाले. नोंदणी सक्तीची झाली. कलम ३२ने हिशेब ठेवणे आणि कलम ३३ने त्यांचे लेखापरीक्षण बंधनकारक केले. विश्वस्त बदलला वा मालमत्तेच्या नोंदीत फरक पडला, तर कलम २२ अन्वये ९० दिवसांत ‘बदल अर्ज’ द्यावा लागतो.

९/ कलम ३४ विशेष लक्षात ठेवण्याजोगे. लेखापरीक्षकाने केवळ बेरजा तपासायच्या नाहीत. अनियमित, बेकायदा वा अनुचित खर्च आढळल्यास तो अहवालात नोंदवायचा आहे. म्हणून कोणत्याही न्यासाचा ताळेबंद वाचण्यापूर्वी लेखापरीक्षकाचे शेरे वाचावेत.

१०/ या देखरेखीचा खर्च कोणी द्यायचा? कायद्याने न्यासांवर अंशदान बसवले. त्याला आव्हान मिळाले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात न्यायालयाने ठरवले, की हा कर नसून देखरेखीच्या सेवेचे शुल्क आहे. म्हणून ते वैध आहे.

११/ एवढे सारे असूनही संग्रहालयाच्या बाबतीत एक फट उरते. कलम ३६ अन्वये न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची वा दान करायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे कलम जमीन आणि इमारत यांसाठी आहे. कपाटातील पदक जंगम मालमत्ता आहे. इमारतीला कायद्याचे कुलूप आहे. पदकाला तसे नाही.

१२/ मग १९७२चा पुरावशेष कायदा? तो सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि ७५ वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना व महत्त्वाच्या कागदपत्रांना लागू होतो. धुळ्यातील पोथ्यांना त्याचा आधार मिळतो. क्रीडेच्या स्मृती मात्र बहुतांशी विसाव्या शतकातील. त्यांपैकी बऱ्याच अजून शंभरीही गाठलेल्या नाहीत.

१३/ हे केवळ तात्त्विक नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते लोकांच्या पैशावर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

१४/ २०१७ साली त्यांच्या पुत्राने ते पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला. कारण, गावात कुस्ती संकुल उभारण्याचे सरकारी आश्वासन वर्षानुवर्षे तसेच राहिले होते. पदक कुटुंबाचे, त्यामुळे निर्णयही कुटुंबाचा. परंतु असे पदक एखाद्या कुटुंबाने विश्वासाने संग्रहालयाला दिले असेल, तर ते तेथेच आहे हे कशावरून कळावे?

१५/ उत्तर ताळेबंदात क्वचितच सापडते. देणगी म्हणून आलेल्या वस्तूची किंमत बहुधा नाममात्र धरतात. ‘चषक, पदके व इतर’ अशी एकच ओळ असेल, तर त्यातून एक पदक गेल्याचे आकड्यांत उमटतही नाही. खरा पुरावा जडसंग्रह नोंदवहीत असतो: वस्तूगणिक क्रमांक, वर्णन, छायाचित्र, दात्याचे नाव, तारीख, अटी. नोंदणीच्या वेळी जंगम मालमत्तेची यादी द्यावी लागते. ती मोघम दिली, तर पुढची सारी देखरेख मोघम होते.

१६/ जमाखर्चाच्या पत्रकाबाबत एक सावधगिरी. त्यात ‘आस्थापना खर्च’ आणि ‘उद्दिष्टांवरील खर्च’ अशी वेगळी शीर्षे असतात. आस्थापना खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, असा समज रूढ आहे. संग्रहालयात पहारेकऱ्याचा पगार, वाळवीचा बंदोबस्त, छताची दुरुस्ती हेच मुळात उद्दिष्ट होय. तेथे कमी खर्च हे काटकसरीचे नव्हे, हेळसांडीचेही लक्षण असू शकते.

१७/ म्हणून वर्गणीदाराने पाहावे ते असे:
• नोंदणी क्रमांक आणि आजच्या विश्वस्तांची नावे जुळतात का?
• मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखल आहेत का?
• इमारतीसाठी घेतलेला निधी वेगळा दाखवला आहे, की रोजच्या खर्चात मिसळला आहे?
• विश्वस्तांशी संबंधित व्यक्तींना कामे वा भाडे दिले आहे का?
• वस्तूंची नोंदवही आहे का? शेवटची मोजदाद कधी झाली, आणि कोणासमोर?

१८/ पहिल्या चार प्रश्नांसाठी धर्मादाय कार्यालयातून नोंदणीचा उतारा आणि हिशेबपत्रकांच्या प्रती मागता येतात. त्यासाठी पुणे गाठावे लागत नाही, कार्यालये जळगावात आणि धुळ्यातही आहेत. पाचवा प्रश्न मात्र संस्थेलाच विचारावा लागतो. उत्तम संस्था तो विचारला गेल्याने दुखावत नाहीत. नोंदवही समोर ठेवतात.

१९/ १८७० साली प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळवायला पन्नास जणांचे मुखत्यारपत्र लागे. आज एक अर्ज पुरतो. आपल्या तालमीची गदा संग्रहालयात देण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढा, पावती घ्या आणि पावतीवर नोंदवहीतील क्रमांक लिहून घ्या. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या आखाड्याच्या वा व्यायामशाळेच्या संग्रहाविषयी माहिती असेल, तर खाली जरूर लिहा.

(धागा समाप्त)