साबणाची वडी आणि आपण

इतिहास म्हटला की आपल्यासमोर गडकोट, मकबरे, फर्माने आणि लढाया उभ्या राहतात. या देशाला मुसलमानांनी काय दिले, असा प्रश्न कुणी विचारला की आपणही घाईघाईने ताजमहाल, गोल घुमट आणि बिर्याणी यांची यादी पुढे करतो. पण माणसाचा खरा इतिहास त्याच्या न्हाणीघरात, मोरीत आणि दस्तरखानाजवळच्या तस्तात असतो. रोज सकाळी आपण जी वस्तू हातात घेतो, ती साबणाची वडी अशीच एक ऐतिहासिक वस्तू आहे. तिच्याकडे कधीतरी नीट पाहिले पाहिजे.

सुरुवात शब्दापासूनच करू. मराठीतला 'साबण' हा शब्द अरबी 'साबून'वरून आलेला आहे. आपल्या घरांत आजही 'साबून' किंवा 'साबू' असेच म्हणतात. बोहरा समाजात तर 'साबूवाला' असे आडनावच आहे. पण 'साबून' हा शब्द अरबांचा म्हणून छाती फुगवण्याचेही कारण नाही. लॅटिनमधला 'सापो', इंग्रजीतला 'सोप' आणि अरबीतला 'साबून' हे एकाच कुळातले शब्द आहेत. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात गॉल लोकांच्या साबणाची नोंद केली आहे. म्हणजे युरोपातला शब्द अरबांकडे गेला, अरबांकडून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठीने तो असा आपलासा केला की आज तो परका वाटतच नाही. शब्दांना व्हिसा लागत नाही.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि क्षार यांचा संयोग. या क्षाराला रसायनशास्त्रात जो 'अल्कली' शब्द आहे, तो तर थेट अरबी 'अल-कली'. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख म्हणजे कली. शाम देशात, म्हणजे आजच्या सीरिया आणि पॅलेस्टाईनच्या भागात, ही झुडपेही मुबलक आणि जैतूनचे तेलही मुबलक. त्यामुळे अलेप्पो (हलब) आणि नाब्लुस ही साबणाची शहरे झाली. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता हलबजवळच्या सरमीन गावाबद्दल लिहितो, की तिथे विटांसारखा साबण तयार होऊन कैरो आणि दमास्कसला जातो, आणि हात धुण्यासाठी तांबड्या-पिवळ्या रंगाचा सुगंधी साबणही बनतो. रंगीत सुगंधी साबण ही आधुनिक विलायतेची देणगी आहे असे मानणाऱ्यांनी ही नोंद जरूर लक्षात ठेवावी.

नाब्लुसचे कारागीर जैतूनचे तेल क्षारात शिजवतात, ते मिश्रण फरशीवर ओततात, गोठल्यावर सुताने रेघा आखून वड्या कापतात, प्रत्येक वडीवर ठसा मारतात आणि मग त्या वड्यांचे पोकळ उंच मनोरे रचून वाळवतात. हलबचा साबण जैतून आणि गार, म्हणजे लॉरेल, यांच्या तेलाचा. तो महिनोन्‌महिने वाळतो. बाहेरून पिवळसर आणि कापला की आत हिरवा. युद्धाने आणि २०२३ च्या भूकंपाने हलबची रया गेली, नाब्लुसचे बहुतेक कारखाने कधीच बंद पडले. पण कला जिवंत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही शहरांच्या साबणकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. उद्ध्वस्त शहरांचा साबण जगाचा वारसा ठरला, ही गोष्ट सुखाची म्हणावी की दुःखाची?

आपल्याकडे मात्र अंगाला साबण लावण्याची रीत फार उशिरा आली. त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांकडे रिठा होता, शिकेकाई होती, डाळीचे पीठ होते, मुलतानी माती होती आणि टाचा घासायला वजरी होती. भांड्यांना राख आणि कपड्यांना परटाची भट्टी. यात हिंदू-मुसलमान असा काही भेद नव्हता. गंमत अशी की, केस धुण्याच्या ज्या द्रवाला आज आपण 'शाम्पू' म्हणतो, तो शब्दही आपलाच. चांपणे, चंपी यांतून तो निघाला. तो विलायतेत रूढ केला पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी. त्यांनी ब्रायटनला स्नानगृह काढले आणि पुढे ते राजा चौथा जॉर्ज व चौथा विल्यम यांचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. तिथे ते ख्रिस्ती झाले, तरी नाव मात्र महंमदच राहिले.

मग आली कंपनी साबणाची वडी. १८८८ साली कोलकत्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या 'सनलाइट' साबणाची खोकी उतरली. १८९५ साली 'लाइफबॉय' आला. लाल रंगाचा, कार्बोलिकच्या उग्र वासाचा. पाठोपाठ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घरे धुऊन काढणे, सामान जाळणे, माणसे उचलून नेणे असा सरकारी स्वच्छतेचा वरवंटा फिरू लागला. पुण्यातील रँडच्या कारभाराची कथा प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवली जाते. पण ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात, एका आजारी मुलीच्या तपासणीवरून मोमीन विणकर प्लेगच्या पथकापुढे उभे राहिले आणि त्यातून शहरात दंगल पेटली, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या विणकरांचा राग स्वच्छतेवर नव्हता. स्वच्छतेच्या नावाखाली आपल्याला माणूस न समजणाऱ्यांवर तो होता.

त्या काळच्या जाहिराती पाहिल्या की या रागाचा अर्थ कळतो. १८८० च्या दशकातल्या 'पिअर्स'च्या एका जाहिरातीत काळे मूल साबणाने धुतल्यावर गोरे झालेले दाखवले आहे. १८९९ च्या दुसऱ्या जाहिरातीत एक गोरा नौदल अधिकारी हात धुतो आहे, आणि कोपऱ्यात एक गोरा माणूस गुडघे टेकून बसलेल्या काळ्या माणसाला साबण देतो आहे. मागासांना स्वच्छ करणे हे गोऱ्यांचे ओझे आहे आणि साबण ते हलके करतो, असा तिचा आशय. साबण विकताना कंपनीने एक विचारही विकला : काही माणसे मुळातच स्वच्छ असतात आणि काही मुळातच घाणेरडी. साम्राज्य गेले, पण हा विचार इथेच राहिला. जातीच्या उतरंडीत तो आधीपासून होताच. साबणाने त्याला नवे वेष्टन दिले.

याला स्वदेशीने उत्तर दिले. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने बंगळूरला सरकारी साबण कारखाना काढला. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली होती, त्या चंदनातून 'म्हैसूर सँडल' जन्मला. त्याच्या जाहिरातीसाठी कराचीत उंटांची मिरवणूक काढली गेली, असे सांगतात. १९१८ मध्ये आर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण बाजारात आणला. चरबीचा विटाळ हिंदूला होता, मुसलमानाला होता, जैनालाही होता. १८५७ च्या काडतुसांची आठवण फार जुनी झाली नव्हती. त्यामुळे या साबणाचे स्वागत झाले. रवींद्रनाथ टागोरांसारख्या कवीने गोदरेजच्या साबणाची जाहिरात केली. 'चावी' हा वनस्पती तेलाचा जगातला पहिला साबण होता असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. आर्देशीरजींचे कर्तृत्व मोठेच, पण हलब आणि नाब्लुसचे कारागीर शतकानुशतके जैतूनच्या तेलाचाच साबण करत आले, हे आपण नम्रपणे नोंदवले पाहिजे. चरबीचा प्रश्न पुढेही मिटला नाही. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा घराघरांत साबणाच्या वडीकडेही संशयाने पाहिले गेले.

टाटा ऑइल मिल्सने १९३० च्या दशकात काढलेल्या साबणाचे नाव होते 'हमाम'. म्हणजे पुन्हा अरबीच! पारशी कंपनीने अरबी नावाचा साबण काढला आणि तो तमिळनाडूच्या घराघरांत पोहोचला. त्याच कंपनीच्या '५०१' बारने आपले कपडे धुतले आणि 'मोती'ने महाराष्ट्राची दिवाळी सुगंधित केली. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला जसा 'मोती', तसाच आपल्या घरांत ईदच्या सकाळच्या गुसलासाठी नवा, वेष्टन न फोडलेला साबण राखून ठेवलेला असतो. आधी मुलांची पाळी, मग मोठ्यांची आणि सर्वांच्या शेवटी, शीरखुर्मा ढवळून थकलेल्या आईची. तोवर वडीचा अर्धा भाग झिजलेला असतो.

जाहिरातीच्या दुनियेत सर्वांत मोठी क्रांती 'लक्स'ने केली. १९४१ मध्ये त्या जाहिरातीत पहिली भारतीय तारका झळकली, ती आपली मराठी लीला चिटणीस. पुढे नर्गिस, मधुबाला, मीनाकुमारी यांचे चेहरे लक्सच्या वेष्टनामागे आले. नर्गिस म्हणजे फातिमा रशीद, मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ, मीनाकुमारी म्हणजे महजबीन. सगळा देश ज्या चेहऱ्यांकडे पाहून साबण विकत घेत होता, त्या आपल्या मोहल्ल्यातल्या मुली होत्या. पण त्यांतल्या दोघींना पडद्यावर येताना नाव घरी ठेवून यावे लागले. २००५ मध्ये त्याच लक्सच्या टबात शाहरुख खान उतरला तेव्हा त्याला नाव बदलावे लागले नव्हते. मधल्या साठ-सत्तर वर्षांत देश काही पावले पुढे आला होता, हे मान्य केले पाहिजे.

पडद्यामागेही आपण होतो. १९७५ मध्ये धबधब्याखाली नाचणारी 'लिरिल'ची मुलगी ज्यांच्या कल्पनेतून आली, ते अलेक पदमसी खोजा मुसलमान कुटुंबातले. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या स्वस्त 'निरमा'ने 'सर्फ'ला घाम फोडला तेव्हा पदमसींनी 'ललिताजी' उभी केली. निळ्या काठाची साडी नेसणारी, दुकानदाराला न घाबरणारी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी. हे पात्र आपण आपल्या आईवरून घेतले, असे पदमसी सांगत. भारतीय मध्यमवर्गीय गृहिणीचा आदर्श म्हणून देशाने जिला स्वीकारले, तिचा मूळ नमुना एक मुसलमान आई होती! ललिताजीची भूमिका करणाऱ्या कविता चौधरी २०२४ मध्ये गेल्या, पण ललिताजी अजून लोकांच्या बोलण्यात आहे.

आणि तरीही या सगळ्या जाहिरातींत मुसलमान घर कुठे होते? डाग पडतात, आई रागावते, मग हसते. पण ते आपले घर क्वचितच असते. २०१९ च्या होळीआधी सर्फ एक्सेलच्या जाहिरातीत ते आले. एक हिंदू मुलगी सगळ्या मुलांचे रंग स्वतःच्या अंगावर झेलते, आणि मग पांढरा कुर्ता घातलेल्या आपल्या मुसलमान मित्राला सायकलवर मागे बसवून मशिदीपर्यंत सोडते. नमाज झाल्यावर तोही रंग खेळायला येणार असतो. एवढीच गोष्ट. तिच्यावर बहिष्काराची हाक दिली गेली. दोन मुलांच्या मैत्रीत लोकांना जो डाग दिसला, तो कपड्यावरचा नव्हता.

त्यानंतर वर्षभरातच करोना आला. 'लाइफबॉय'ने तर स्पर्धकांच्या साबणांची नावे घेऊन, कुठलाही वापरा पण हात धुवा, असे आवाहन केले. सगळे जग हात धुऊ लागले. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या, पाकीला ईमानचा अर्धा हिस्सा मानणाऱ्या समाजाला मात्र त्याच दिवसांत रोग पसरवणारा म्हणून बोट दाखवले गेले. फळवाल्याला आणि भाजीवाल्याला नाव विचारले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे मत नोंदवले. पण निकालाची बातमी आतल्या पानावर येते, आरोपाची पहिल्या पानावर.

मात्र दुसऱ्यांना बोल लावताना आपणही काही प्रश्न स्वतःला विचारायला हवेत. वुजूचे पाणी पाक असावे म्हणून आपण जितके दक्ष असतो, तितके मोहल्ल्याच्या तुंबलेल्या गटाराबद्दल असतो का? नगरपालिका आपल्या वस्तीत नळ आणि सफाई देत नाही, हे २००६ च्या सच्चर समितीनंतर वारंवार सांगून झाले. पण त्यासाठी किती जमातींनी कधी अर्ज घेऊन पालिकेची पायरी चढली? लग्न जुळवताना 'मुलगी गोरी हवी' असे म्हणताना आपण 'पिअर्स'च्या त्या जुन्या जाहिरातीचीच भाषा बोलतो, हे लक्षात येते का? आपल्यातही धोबी आहेत. त्यांनी धुतलेला पांढराशुभ्र कुर्ता घालून पहिल्या सफेत उभे राहणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या घरी सोयरीक जोडतील? मशिदीत बरोबरी आणि मांडवात बिरादरी, हा डाग कुठल्याही साबणाने निघत नाही.

माणूस जातो तेव्हा त्याला शेवटचा गुसल दिला जातो. बोरीची पाने घातलेले कोमट पाणी, कापूर, आणि आता त्या सामानात साबणाची एक वडीही असते. ती वडी कुठल्या कंपनीची आहे, कुणाच्या कारखान्यात कुणाच्या हातांनी बनली, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. निम्म्या जगाच्या भाषांतून फिरून आलेली, पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्यांच्या हातांतून गेलेली ती वस्तू असते. मेलेल्या माणसासाठी जे आपण विचारत नाही, ते जिवंत माणसाच्या बाबतीत न विचारण्याची सवय आपल्याला आणि आपल्या शेजाऱ्यांना लागावी, एवढीच या वडीच्या इतिहासातून घ्यायची शिकवण आहे.