प्रबोधन भामरागडला कधी पोहोचणार?

युरोपच्या प्रबोधनात आपण लिओनार्दोची चित्रे आणि कोपर्निकसचा सूर्य पाठ केला. मर्म मात्र सुटले. पूर्वी प्राध्यापक उंच आसनावरून ग्रंथ वाचत आणि प्रेत चिरायचे काम न्हाव्याचे असे. व्हेसेलियसने सुरी स्वतः हातात घेतली. १५४३ च्या त्याच्या ग्रंथाने गेलनच्या चुका उघड केल्या. पोथीपेक्षा डोळा आणि हात मोठा ठरला.

आपल्याकडे जातीने राबणाऱ्या हाताला पोथी नाकारली आणि पोथीवाल्याला राबणे कमीपणाचे ठरवले. म्हणून आमचे प्रबोधन १८४८ साली, भिडेवाड्यातल्या सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत सुरू झाले, असे आम्ही मानतो.

प्रबोधनाने ज्ञान लोकभाषेतही आणले. गॅलिलिओने १६३२ चा ग्रंथ लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिला. भामरागडचे माडिया मूल मात्र पहिलीत बसते तेव्हा शाळेची भाषा मराठी, घरची माडिया. जंगल डोळ्याने आणि हाताने ओळखणारे ते मूल वर्गात मुके होते. मग ‘मागास’ कोण, मूल की शाळा?

संविधानाचे कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले. कोणत्या भाषेत, हे आता सरकारला विचारू या.