हंड्यावरचे नाव

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातील गाव २०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर माहीत झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, २०१५ च्या हिवाळ्यातील एका रविवारी, आमचे घर तिथून औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जाफर गेट बाजाराला गेले होते. आजी, वडील, आई, मी आणि धाकटी बहीण असे पाच जण होतो. वडीगोद्रीहून धुळे-सोलापूर रस्त्याने पाचोड, आडूळ करत आम्ही पोहोचलो. वडिलांना मोटारीचा जुना पंप हवा होता, बहिणीला सायकल. त्या दिवशी आजी जे बोलली, त्यामुळे जुन्या बाजाराकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला मी शिकलो.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि १६८२ मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तटबंदी घातली. जाफर गेट हा त्याच तटाचा एक दरवाजा. शेजारी जुना मोंढा. खेड्यातला माल मोंढ्यात उतरायचा आणि हातात आलेले पैसे आसपासच्या बाजारात खर्च व्हायचे. रविवारी इथे नव्या मालाबरोबर जुने नळ, कुलपे, पंखे, अवजारे, भांडी अशा सगळ्यांची पथारी लागते. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार याच जातीचे. पॅरिसचा जगप्रसिद्ध जुना बाजारही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तटाबाहेर सेंट-ऊआँला भंगार वेचणाऱ्यांनीच उभा केला. त्याला ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. शहराने टाकलेले आणि खेड्याने विकलेले सामान सगळीकडे वेशीपाशीच गोळा होत आले आहे.

या पथाऱ्यांवर मराठवाड्याचा इतिहास थरांनी सापडतो. सगळ्यात जुना थर हाली सिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या नाण्यांचा. सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये असा हिशेब आमच्या पणज्यांना तोंडपाठ होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघात आले आणि पुढच्या दशकात हे नाणे चलनातून गेले. दुसरा थर पायली, अधोली, शेर या मापांचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत ठरली, ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि चार शेरांची पितळी पायली शोभेची वस्तू झाली. हे दोन्ही थर सरकारी हुकमाने बाजारात आले, त्यामुळे त्यांच्या तारखा राजपत्रात सापडतात.

तिसरा थर भांड्यांचा. हंडे, घागरी, पराती, घंगाळे. ही कोणत्या हुकमाने घराबाहेर पडली? याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

रूढ उत्तर सोपे आहे: स्टील आले आणि तांबे-पितळ गेले. स्टीलला कल्हई लागत नाही, ते चिंचेने घासावे लागत नाही आणि वजनालाही हलके. जुने भांडे मोडीत द्यायचे, त्याचा भाव वजा करून नवे घ्यायचे. ‘मोडीत काढणे’ हा आपला वाक्प्रचारही याच व्यवहाराच्या भाषेतला. हे उत्तर खोटे नाही. मीही एका जुन्या लेखात तेच लिहिले होते.

त्या दिवशी आजी एका पथारीपाशी थांबली. तांब्याचा हंडा होता. गळ्याखाली ठोक्यांनी कोरलेली अक्षरे होती: मुलीचे नाव, ‘मामाकडून’ आणि शके १८८२, म्हणजे १९६०-६१. आजीचे लग्न त्याच सुमारास झालेले. वडील म्हणाले, “माय, आपलाही असाच होता ना? स्टीलच्या डब्यांवर दिलेला?”

“तसं तुम्हाला सांगितलं,” आजी म्हणाली. “बहात्तरच्या दुष्काळात विकला. अंबडला नेऊन. पंधरा दिवसांची भाकरी झाली. डबे त्यानंतर दहा वर्षांनी आले.”

वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांना सुकडी आठवत होती, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी आठवत होती आणि आजीचे खडी फोडायला जाणे आठवत होते. हंडा गेल्याचे तेवढे वेगळ्या रूपात आठवत होते. “मग सांगितलं का नाहीस?” त्यांनी विचारले. “माहेरचं आंदण विकलं, हे लेकरांना काय सांगावं?” एवढेच ती बोलली.

त्या दुष्काळाची सरकारी आकडेवारी भरपूर आहे. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्याआधी १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत वितळवायला आलेल्या चांदीच्या दागिन्यांकडे इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष होते, कारण दागिने मोडणे ही हलाखीची खूण होती. चांदी टांकसाळीत पोहोचली म्हणून कागदावर आली. तांब्याचा हंडा तालुक्याच्या बाजारात तराजूवर चढला आणि तिथेच त्याची गोष्ट संपली.

म्हणून पथारीवरचा हंडा पाहून तो हौसेने मोडीत गेला की भुकेने, हे सांगता येत नाही. धातू तोच, भावही तोच मोडीचा. नाव आणि शक यांवरून तो घरात कधी आला हे कळते. घरातून कधी गेला हे फक्त ज्या बाईने तो विकला तिला माहीत असते आणि ती लाजेपोटी वेगळे सांगते. माझ्या जुन्या लेखातली चूक इथली होती. मी लोकांना विचारले होते, पण पुरुषांना विचारले होते. त्यांनी लहानपणी जे ऐकले तेच प्रामाणिकपणे सांगितले.

आता ही भांडी शहरातील घरांत आणि हॉटेलांत शोभेसाठी जातात. विकण्याआधी ती पॉलिश होतात आणि यंत्राच्या चाकाखाली सगळ्यात आधी जातात ती ठोक्यांची अक्षरे. वर्ष, गाव, नाते, सगळे. एक-दोन पिढ्यांत सांगणाऱ्याही राहणार नाहीत.

वडिलांनी तो हंडा घ्यायची तयारी दाखवली. आजीने नको म्हटले. “दुसरीचं नाव आपल्या घरात कशाला? ती कुठं तरी असंल.” आम्ही पंप आणि सायकल घेऊन परतलो. हंड्यावरची अक्षरे मी वहीत उतरवून घेतली होती.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी खाली येतात. वाचकांनी घासण्याआधी त्यांवरची नावे वाचावीत, लिहून ठेवावीत आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ बसून विचारावे: यांच्या जोडीचे आणखी काय होते, आणि ते कोणत्या साली गेले?